बिनहाकेचे

४ सप्टेंबर, रविवार

नव्या घरात सामान लागलं, दादाची चाकाची खुर्ची न्हाणीच्या दारातून जाते हे कळलं आणि आज तर चक्क मनासारखी माणसंही सापडली. एवढं सगळं एकाच आठवड्यात, म्हणजे आमच्या घराण्यात विक्रमच. म्हणून ही रोजनिशी.

घर तळमजल्यावर आहे. पुढच्या खोलीला मोठी खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. दादाला मी तिथेच बसवतो. कोण चढलं, कोण उतरलं यावर त्याचं इतकं बारीक लक्ष असतं, की फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्याची शिकवणी लावावी. औषधांच्या गोदामातली माझी नोकरी पायी जाण्याच्या अंतरावर आहे, दुपारी जेवायला घरी येता येतं.

मनासारखी माणसं सापडली ती बंद पडलेल्या एका व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात. पुढे शटर, मागच्या खोलीत ही मंडळी. जुने कॉम्प्युटर गेम ते बंद पडलेल्या गेमच्या डब्यांवर उतरवतात. म्हणजे जो डबा कंपनीने बनवायचा कधीच सोडून दिला, ज्याचे सुटे भाग भंगारात हुडकावे लागतात, त्याच्यावर असा गेम चालवून दाखवायचा जो त्याच्यासाठी कोणी लिहिलाच नव्हता. कशासाठी, असं विचारलं की मास्तर चष्मा पुसायला घेतात. मिळकत शून्य, कौतुक शून्य, घरचे वैतागलेले. मला फार बरं वाटलं.

मास्तर म्हणजे यांचे म्होरके, शाळेतून निवृत्त झालेले. चटका सोल्डरिंग करतो, त्याची बोटं कायम भाजलेली. टिंबताई ठिपक्याला ठिपका जोडून चित्रं काढते. आणखी एक जण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून तयार झालेला गेम खेळून बघतो आणि चूक सापडली की पडद्यावर बोट ठेवून थांबतो. त्याचं नाव कोणी सांगितलं नाही, त्यानेही नाही. मला टोपणनाव कधी मिळणार, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, ते पडावं लागतं, मागून मिळत नाही. तोवर माझ्याशी बोलायचं झालं की माझ्याकडे बघून नुसती भुवई उंचावतात.

६ सप्टेंबर, मंगळवार

दादाबद्दल लिहायला हवं, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. डावा हात धड आहे. काही हवं असलं की तो चमच्याने खुर्चीचा दांडा वाजवतो. पाणी हवंय की कूस बदलायची आहे, हे मला आतल्या खोलीतूनसुद्धा कळतं. शेजाऱ्यांना वाटत असेल, या घरात सारखी भांडी पडतात. व्यायाम घ्यायला एक बाई येतात. त्या म्हणतात, प्रगती आहे. मीही म्हणतो, आहे. खरं सांगायचं तर मला हल्ली काही लागतच नाही. दाढ काढायच्या आधी सुई टोचतात आणि गाल परक्याचा होऊन बसतो, तसं.

ताई आम्हा दोघांच्या मधली. ती म्हणत होती दादाला संस्थेत ठेवू, मी म्हणत होतो नाही. शब्दाने शब्द वाढला, तिने फोन ठेवला, तो अजून ठेवलेलाच आहे.

लहानपणी आमच्याकडे कॉम्प्युटर होता आणि त्यावर 'होडी' नावाचा गेम. गावात पूर आलेला, माणसं छपरांवर. होडी वल्हवत जायचं, छपराला लावायची, माणूस उतरवून टेकडीवर पोचवायचा. वल्हवायचं दादाने, माणूस ओढायचं बटण माझ्याकडे. मी नेहमी उशिरा दाबायचो आणि दादा टपली मारायचा. आता त्याला कीबोर्ड झेपत नाही. पण मास्तरांकडचा हा जुना डबा असा आहे, की त्याची दांडी एका हातात मावते आणि अंगठ्याखाली बटणही येतं. त्या डब्यावर 'होडी' उतरली तर दादा एकट्याने खेळू शकेल. बाकी मला कोणाकडून काही नको आहे.

११ सप्टेंबर, रविवार

मंडळींनी 'होडी' घ्यायचं ठरवलं! टिंबताईने पहिलं छप्पर काढूनसुद्धा दाखवलं.

अडचण जागेची आहे. कॉम्प्युटरपुढे या डब्याची जागा म्हणजे वाड्याचं सामान खोक्यात भरण्यासारखं. त्यासाठी मास्तरांनी पूर्वीच एक प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे, त्याला सगळे 'चाळण' म्हणतात. गेम म्हणजे शेकडो तुकडे. एक होडी हलवतो, एक पाणी चढवतो, एक माणूस उतरवतो. हे तुकडे एकमेकांना हाका मारतात आणि हाक आली की तो तुकडा कामाला लागतो. चाळण पहिल्या तुकड्यापासून निघते, तो कोणाला हाक मारतो, ते पुढे कोणाला मारतात, असं बघत जाते. ज्याच्यापर्यंत हाक पोचतच नाही तो बिनहाकेचा. बिनहाकेचे काढून टाकायचे, तेवढी जागा सुटते. दोन तुकडे नुसते एकमेकांनाच हाका मारत असतील आणि बाहेरून त्यांच्याकडे कोणी येत नसेल, तर ते दोघंही जातात. टिंबताई म्हणाली, आमच्या वरच्या मजल्यावरचे नवरा-बायकोच म्हणा की. चटक्याला इतकं हसू आलं की पुन्हा भाजून घेतलं.

एक भानगड मात्र आहे. काही हाका आडून असतात, नाव न घेता मारलेल्या. त्या चाळणीला ऐकूच येत नाहीत. त्या आपण बघून ठेवायच्या, असं मास्तरांनी बजावलं. आणि नुसतं नाव कुठे आलं म्हणजे हाक झाली असं नव्हे, हेही.

चाळण फार रेंगाळते. मी ती सुटसुटीत करून थेट कार्ट्रिजमध्येच, म्हणजे डब्यात खोचायच्या गेमच्या वडीतच, बसवणार आहे, म्हणजे गेम चालता चालता ती जागा करत राहील. मास्तरांनी भुवई उंचावली. मी ते कौतुक धरलं.

१८ सप्टेंबर, रविवार

चालली! होडी हलली, पाणी चढलं, छपरावरचा माणूस हात वर करून नाचला. मोकळी जागा पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची सोय मी केली होती, तो आकडा बघून मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

स्टुलावर खेळून बघणारा आज नव्हता. त्याच्याकडून एकदा तपासून घेऊ या, असं मी म्हटलं. मास्तरांनी विचारलं, कोणाकडून? मी कोपरा दाखवला. तिथे स्टूल होतं, त्यावर तारांची गुंडाळी ठेवलेली. टिंबताई म्हणाली, आपण पहिल्यापासून एवढेच. खेळून बघायला माणूस मिळाला असता तर हवाच होता. कोणी चेष्टा करत नव्हतं, चटक्याला चेष्टा लपवता येत नाही.

मला दचकायला हवं होतं. मी 'बरं' म्हटलं आणि डबा पिशवीत घालून घरी आलो.

दादाच्या हातात दांडी दिली. थोडा वेळ त्याने नुसती फिरवून पाहिली. मग होडी निघाली. पहिल्या छपराला त्याने ती अशी अलगद लावली, की मधली सगळी वर्षं कोणी पुसून टाकली असावीत. माणूस उतरवला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसली. आजारपणानंतर प्रथमच. मी न्हाणीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

२५ सप्टेंबर, रविवार

फाटकावर पहारेकरी नाही. त्याची पत्र्याची खोलीही नाही, तिथे कुंड्या आहेत. कुंड्यांतली झाडं जुनी, मुळं भोकांतून बाहेर आलेली. शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, इथे कधीच माणूस नव्हता, सोसायटीला परवडायला नको का?

मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. त्याला हाक मारल्याचं आठवत नाही. कोणी मारताना ऐकलंही नाही. गाडीवाले नुसता भोंगा वाजवायचे.

गोदामात फरशी पुसणारे एक आजोबा होते, तेही नाहीत. फरशी कशी पुसली जाते असं मी विचारलं, तर शेजारच्या टेबलावरचा म्हणाला की यंत्र आहे. यंत्र होतंच, कोपऱ्यात.

दादा रोज खेळतो. घरी आलो की आधी पडद्याचा कोपरा बघतो. मोकळी जागा आज अख्ख्या कार्ट्रिजच्या जागेपेक्षा जास्त दाखवत होती. असं होऊ शकत नाही. भांड्यातून भांड्यापेक्षा जास्त पाणी कसं सांडेल?

२७ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं.

मास्तरांच्या चाळणीत एक छोटा तुकडा होता, कुंपण नावाचा. गेम इथे संपला, याच्या पुढे चाळायचं नाही, एवढंच तो सांगायचा. त्याला हाक आडून होती. सुटसुटीत करताना मी तो बिनहाकेचा समजून काढून टाकला.

चाळणीला आता गेम कुठे संपतो ते माहीत नाही. ती पुढे निघाली आहे.

डबा तेव्हाच बंद करायचा होता. दादा टेकडीच्या वाटेवर होता, होडी भरलेली होती. मी त्याला तेवढी फेरी पुरी करू दिली. मग आणखी एक. आज सकाळी कामावर जाताना पुन्हा लावून दिला. 

२ ऑक्टोबर, रविवार

डबा बंद केला, वायर काढली, कार्ट्रिज हातोडीने फोडलं. दादा बघत होता. त्याने चमचा वाजवला नाही.

उपयोग झाला नाही. व्यायामाच्या बाई आल्याच नाहीत, म्हणून फोन केला. त्या म्हणाल्या, अशा नावाचा रुग्ण माझ्याकडे नाही. औषधाच्या दुकानात दादाची चिठ्ठी उलटसुलट बघितली आणि परत दिली, म्हणे यावर नाव कोणाचं आहे ते दिसत नाही. मला तर दिसत होतं. चाळण कार्ट्रिजमध्ये राहिलेलीच नाही.

मग मी उपाय काढला. दादाला हाका मारायच्या. दादा, चहा. दादा, ऊन आलं बघ. दादा, दादा. घसा बसला. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय, त्याने हवेतच टपली मारली. तोही दांडा वाजवून मला बोलावत राहिला. दिवसभर आम्ही दोघं एकमेकांना हाका मारत बसलो होतो आणि मला वाटत होतं, जमलं.

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. कसं थांबवायचं ते त्यांनाच माहीत असणार. त्यांनी दार अर्धं उघडलं आणि विचारलं, कोण हवंय आपल्याला?

आत चटका आणि टिंबताई दिसत होते. टिंबताईने छप्पर काढलेला कागद भिंतीवर होता. मी माझं नाव सांगितलं. मास्तरांनी ते पाटीवरचं वाचावं तसं परत म्हटलं आणि मान हलवली. नाव घेणं म्हणजे हाक नव्हे. हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

परत येताना रस्त्यात कळलं. मला कोणीच बोलावत नाही. मग मी मारलेल्या हाका धरायच्या कुठे? दोघंच एकमेकांना, आणि बाहेरून कोणी नाही—

मंगळवार

गोदामाच्या दारावर अडवलं. माझ्या टेबलावर खोकी रचली होती. मी वाद घातला नाही, चालत घरी आलो. खरं तर घरी कशाला जातोय, तेही वाटेत आठवावं लागलं.

बुधवार

सकाळी चहा केला. एक कप. खिडकीपाशी बसून प्यायलो, समोरचा जिना बघत. घर शांत होतं आणि मला बरं वाटत होतं. एकट्या माणसाला हे घर मोठं आहे, लहान बघायला हवं, असं मनात येत होतं.

मग चमचा वाजला.

किती वेळ वाजत होता कोण जाणे. दादा माझ्या शेजारीच होता, हाताच्या अंतरावर. ओला झालेला, तोंड कोरडं, डोळे माझ्यावर. मी दादाला विसरलो. मी. ज्याच्यासाठी ताईशी भांडलो, गाव सोडलं, त्यालाच.

त्याला धुतलं, कोरडं केलं, भरवलं. सॉरी म्हटलं. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

त्याला बाहेरून हाक हवी. जिला नवरा आहे, मुलं आहेत, जी दिवसभर आई आई, अगं अगं ऐकत असते, तिची. दुसरं कोणी नाही—

गुरुवार

ताईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय?

मी म्हटलं, धाकटा. ती म्हणाली, कोणाचा धाकटा? म्हटलं, तुझा. दादाचा. ती जराशी हसली. म्हणाली, काहीतरी चुकतंय तुमचं, आमच्यात धाकटी मीच.

मी खुर्चीत बसलो. लागलं नाही. लागायला हवं तिथे नुसती जागा होती.

मग तिनेच विचारलं, दादा म्हणालात का तुम्ही? माझा दादा? कसा आहे? एकटा राहतो? त्याचं कोण करतं? मी इतके दिवस फोन कसा केला नाही... तिचा आवाज फुटला. मी म्हटलं, मी शेजारी आहे. तो इथेच आहे, बोला.

फोन त्याच्या कानाला लावला. पलीकडून तिची हाक आली, मला इथवर ऐकू आली. लहानपणी अंगणातून मारायची तशी, शेवट लांबवून. दादाने मान वळवली. दुपारी औषधवाल्याचा निरोप आला, गोळ्या तयार आहेत, दादांच्या नावाने.

धरला. दादा हाकेत धरला गेला.

फोन ठेवण्याआधी मी तिला म्हटलं, मलाही एकदा हाक माराल? ती गोंधळली. म्हणाली, मारते की, पण काय म्हणून मारू?

मी म्हटलं, राहू द्या.

ताई उद्या सकाळच्या गाडीने येते आहे.

शुक्रवार

ताईसाठी. कोणी लिहिलंय असं विचारू नये—शेजारी समज.

जेवण मऊ लागतं. घास डाव्या गालात द्यायचा, उजव्यात राहतो. चहा कोमट. रात्री दोनदा कूस बदलायची.

चमचा एकदा—पाणी. घाईघाईने—न्हाणी. हळू, थांबून थांबून—काही नको असतं, नुसतं कोणी शेजारी बसायला हवं असतं. ते तू ओळखशील—

संस्थेत ठेवू नकोस. एवढं—

मास्तरांकडे डबा मिळेल. कार्ट्रिज नवं बनवायला सांग—जुनी चाळण, कुंपणासकट. तो वल्हवेल. बटणही आता त्याचा तोच—

पहाटेपासून दादाने माझं मनगट धरलं आहे. डाव्या हाताने. घट्ट. चमचा खाली पडला आहे, उचलू देत नाही. त्याच्या हातात आहे तोवर मला मी आठवतो. नळ, नोकरी, टपली, सगळं. मघाशी मी सोडवून घेतलं तर हे पान कोणाचं ते कळेना. त्याने परत धरलं.

त्याला कळतंय. सगळं कळतंय त्याला.

रिक्षा थांबली. फाटक वाजलं—

ताई दारात. केस पांढरे झाले तिचे. माझ्याकडे बघतच नाही, दादाकडे बघते आहे. हाक मारली तिने. रडते आहे. दोन्ही हात पुढे केलेत. दादाचा एकच हात, तो सोडत नाही—तिला वाटतंय, ओळखलं नाही याने मला—तोंड बघवत नाही तिचं—

मी त्याला म्हटलं, सोड. दादा, ताईचा हात धर. अरे सोड, मी आहेच की इ—